एबीए, चाकणला येशील तेव्हा

प्रिय एबीए,

मोठ्या नावाने तू उपयोजित वर्तन विश्लेषण. इथले स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांचे आईबाप तुला एबीए थेरपी म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात तुझी ओळख करून द्यायला वेळ लागू नये. भोसरी-चाकणच्या लाइनवर एखादा पार्ट सारखा रिजेक्ट व्हायला लागला, की कामगार पार्टवर चिडत नाही. व्हाय-व्हाय ॲनालिसिसला बसतो. का झालं? मग तेही का? तोच माणूस घरी येतो, स्वमग्न मुलगा भिंतीवर डोकं आपटत असतो, आणि घरात एकच निदान होतं: हट्टी आहे, आईने लाडावलाय. तू मात्र विचारतेस, आपटण्याच्या आधी काय घडलं, नंतर काय मिळालं? कुणाचं लक्ष हवं होतं, वस्तू हवी होती, नकोशा कामातून सुटका हवी होती, की शरीरालाच ती संवेदना हवी होती? कधी कानच दुखत असतो. तेव्हा आधी डॉक्टर. कारण सापडलं की दुसरी वाट शिकवता येते. तहान लागली तर पाण्याचं चित्र आईच्या हातात द्यायचं. बोलता न येणाऱ्या लेकराला याहून मोठा आधार मला दिसत नाही.

पण तुझा इतिहास विसरता येत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांनी 1960च्या दशकात मारणं, विजेचे झटके देणंही उपचारात बसवलं होतं. पुढे 1987च्या त्यांच्या अभ्यासात आठवड्याला 40 तास शिकवलेल्या 19 मुलांपैकी 9 मुलं नेहमीच्या वर्गात पहिली पास झाली, आणि जगभरच्या पालकांना 40 तासांची आस लागली. झटके बहुतेक ठिकाणी थांबले. हात फडफडवू नकोस, नजरेला नजर दे, हा आग्रह मात्र अजून आहे. मोठे झालेले ऑटिस्टिक लोक सांगतात, त्याने आम्ही फक्त स्वतःला लपवायला शिकलो आणि थकून गेलो. त्यांचं ऐक. हात फडफडल्याने कुणाचं काय बिघडतं? शू लागली हे सांगणं, रस्त्याच्या कडेला थांबणं, शर्ट घालणं शिकव. ‘नको’ म्हणायलाही शिकव, आणि ते म्हटल्यावर थांब.

इथली घरंही बघून घे. बापाची पाळी बदलत राहते. ठरलेल्या क्रमावर जगणाऱ्या मुलाचा दिवस त्यासोबत उलटापालटा होतो. खराबवाडीतल्या एका खोलीत रात्रपाळीचा बाप दिवसा झोपलेला असताना आईने मुलाला गप्प तरी कसं ठेवायचं? निगडीत कामायनी ही विशेष मुलांची शाळा आहे, मोरवाडीत महापालिकेचं दिव्यांग भवन आहे. पण चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी ओलांडून जाऊन येण्यात आईचा दिवस संपतो. तिथे 40 तासांचं काय घेऊन बसलीस!

तेव्हा अंगणवाडीत ये. आईला शिकव, अंगणवाडीताईला शिकव. बाबा आज कधी झोपणार, कधी उठणार, हे चित्रांनी भिंतीवर लावायला सांग. इथल्या कंपन्यांकडे सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा आहे. त्यातून प्रशिक्षित माणूस वस्तीत नेमता येईल. आणि शिकवणीची वेळ पाळी बघून ठरव, म्हणजे बापही येईल.

कळावे,
तुझ्याकडून आशा असलेला
एक चिंचवडकर