रायपूरच्या उन्हात फुशिया

थंड हवेच्या ठिकाणाहून फुशियाचं रोप रायपूरच्या घरी आणताय? डुलांसारखी लोंबणारी ही फुलं मोहात पाडतात. दक्षिण चिली-अर्जेंटिनातली तिची काटक जात बर्फही सोसते. रायपूरचं ऊन मात्र नाही. मे महिन्यात इथला पारा 42 अंशांच्या आसपास असतो. दुपारी पानं मलूल झाली, की लगेच पाणी ओतू नका. आधी मातीत बोट घालून पाहा. माती ओली असेल, तर रोपाला सावली हवी; जास्त पाण्याने मुळं कुजतील. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. हिवाळ्यात वरची माती सुकली, की सकाळी पाणी द्या. एवढं करूनही रोप उन्हाळा काढेलच असं नाही. म्हणून शेजारी मोगरा लावाच. रायपूरचा उन्हाळा त्याला मानवतो.