दोन तालुक्यांची मर्यादा



संवत्सरीनंतर लिहीन म्हणाले होते आणि आता दिवाळी तोंडावर आली. फराळाचं निम्मं झालंय. या वेळी पाककृती नाही, आधीच सांगते. आम्ही दोघं दोन दिवस फिरायला गेलो होतो, त्याबद्दल लिहायचंय. मुलं नाहीत, नातू नाही, दीर-जावा नाहीत, दोघंच. लग्नाला ४१ वर्षं झाली आणि असं पहिल्यांदाच गेलो. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो होतो खरं, पण तेव्हा सोबत सासूबाई, दोन नणंदा आणि नणंदेचं तान्हं बाळ होतं. त्या बाळाचे लंगोट वाळत घालणं, एवढंच माझं महाबळेश्वर.

आमचं कापडाचं दुकान यंदा पाडव्याला देऊन टाकलं, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. घोडनदीच्या बाजारपेठेत ह्यांनी ४० वर्षं गादीवर काढली. दरवर्षी आश्विनात घरात बोलायला फुरसत नसते. माल, उधारी, शिवायला टाकलेल्या गणवेशांचे राहिलेले पैसे, आणि अमावास्येला वहीपूजन. यंदा हे सकाळी स्थानकातून व्याख्यान ऐकून आले की पेपर वाचायचे, मग तोच पेपर पुन्हा वाचायचे. आयंबिलची ओळी संपली, कोजागरी झाली, तसं मीच म्हटलं, "चला, दौंडला जाऊन येऊ."

दौंड म्हणजे माझं माहेर. भाऊ पुण्याला गेला, घर कुलूपबंद आहे, किल्ली माझ्याकडे असते. "बंद घरात जाऊन काय करायचं?" हे म्हणाले. मी म्हटलं, "तेच. काही नाही करायचं."

दौंडच का, याला कारण आहे. चातुर्मास लागताना मी दिशेची मर्यादा घेतली होती. महासतीजींनी श्रावकाच्या सहाव्या व्रतावर फार छान समजावून सांगितलं. माणूस जिथे जातो तिथे त्याचा आरंभ-समारंभ जातो, आणि पावसाळ्यात तर पावलापावलाला जीव. साधू-साध्वी चार महिने एका जागी राहतात, आपल्याला तेवढं जमत नाही, निदान एक रेघ तरी आखा. कोणी २५ किलोमीटर घेतले, कोणी ५०. मी बी.कॉम. झालेली बाई, मला मोजायला स्वच्छ लागतं. किलोमीटर घरापासून मोजायचे की गावाच्या वेशीपासून, रस्त्याने की सरळ रेषेत, हा घोळ नको. मी उभी राहिले आणि कार्तिक पौर्णिमेपर्यंत शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एवढंच क्षेत्र ठेवलं. एक सासर, एक माहेर, मध्ये भीमा. आजारपण आणि घरातलं मरण, एवढे दोन आगार. सगळ्या जणी हसल्या, पण महासतीजींनी पच्चक्खाण दिलं.

तर एसटीने न्हावरे, पारगावचा पूल, चौफुला करत दौंडला गेलो. काष्टीवरून जाणारी गाडी आधी लागली होती, पण ती श्रीगोंदा तालुक्यातून जाते. हे काही बोलले नाहीत, पण उन्हात पाऊण तास दुसऱ्या गाडीची वाट बघताना दोनदा घड्याळ बघितलं.

माहेरचं घर उघडलं की आधी वास येतो, मग आठवणी. झाडून काढताना जाळी-जळमटं जपून काढली, पाणी उकळून गार करायला ठेवलं. रात्री रेल्वेच्या शिट्ट्या ऐकत पडलो होतो. मला लहानपणापासून त्या शिट्ट्यांशिवाय झोप यायची नाही; सासरी पहिले सहा महिने त्या नाहीत म्हणून रडू यायचं. हे मी ह्यांना कधी सांगितलंच नव्हतं. "मला वाटलं आईची आठवण येते म्हणून रडतेस," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भुलेश्वरला चालत जायचं ठरलं. शाळेत असताना आमची सहल गेली होती. यवतच्या वरच्या डोंगरावर काळ्या दगडाचं, यादवकाळातलं शंकराचं देऊळ आहे. आपण स्थानकवासी, मूर्तीपुढे बसायची आपली रीत नाही, पण ते कोरीवकाम आठवत होतं आणि ह्यांनी ते कधी बघितलं नव्हतं. सकाळच्या डेमूने पाटस, केडगाव करत यवतला उतरलो. नवकारसीची वेळ गाडीतच झाली, तेव्हा पाणी प्यायलो. स्टेशनवरून रिक्षाने घाटाच्या पायथ्याला गेलो. वाटेत कुठेतरी गुऱ्हाळ चालू होतं, गुळाचा वास रिक्षात भरून आला.

पिशवीत दशम्या, जिऱ्याचे खाकरे, शेंगदाण्याची चटणी आणि दोन बाटल्या उकळलेलं पाणी होतं. घाटाचा रस्ता डांबरी आहे, म्हणून मी निवांत होते. पाऊलवाटेने लवकर जाता येतं असं एकाने सांगितलं, पण तिथे कंबरेएवढं गवत होतं आणि गवतात काय काय असेल कोण जाणे. डांबरावरसुद्धा खाली बघूनच चालावं लागतं. पैसे किडे रस्ता ओलांडत होते. दोन्ही कडांना तरवड पिवळाजर्द फुललेला, आणि कुसळं साडीच्या काठाला अशी चिकटली की घरी आल्यावर एक संध्याकाळ ती काढण्यात गेली. ह्यांचा गुडघा दुखतो, माझी धाप लागते, त्यामुळे आमची चाल अगदी जुळली. इतर वेळी हे चार पावलं पुढे असतात.

एका वळणावर थांबलो. खाली सगळा दौंड तालुका पसरलेला. कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हिरवागार ऊस, आणि त्याच्यापलीकडे कुठेतरी मुळा-मुठा भीमेला मिळते. हे म्हणाले, "या डोंगराच्या अलीकडे पडलेलं पाणी भीमेत आणि पलीकडचं कऱ्हेत. पण कऱ्हा नीरेत जाते आणि नीरा शेवटी भीमेतच." ह्यांना एवढा भूगोल येतो हे मला माहीत नव्हतं. गादीवर बसून ह्यांनी गिऱ्हाइकांकडून काय काय ऐकून ठेवलं असेल!

घाट संपत आला तिथे एक बाई सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. मी चार महिने सीताफळ सोडलंय, ह्यांनी घेतलं. खाताना सहज विचारलं, "मावशी, देऊळ किती लांब राहिलं?"

"हे काय, जवळच. माळशिरसच्या हद्दीत आलाच की तुम्ही."

"माळशिरस दौंड तालुक्यातच ना?" मी विचारलं.

"न्हाय ओ. पुरंदर. हितनं पुढं समदं पुरंदर."

मैत्रिणींनो, माझे पाय जागच्या जागी थांबले. लहानपणापासून सगळे 'यवतचं भुलेश्वर' म्हणतात, मी कधी तालुका विचारलाच नव्हता. हे हातात सीताफळाची फोड धरून माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. म्हणाले, "अगं, शिरूरच्या उत्तरेकडचं थोडं क्षेत्र कमी कर आणि इकडे वाढव. जमाखर्च सारखाच."

"तोच तर अतिचार आहे," मी म्हटलं. "क्षेत्रवृद्धी. एका दिशेचं कमी करून दुसऱ्या दिशेला घालायचं नाही."

"आपल्या पूर्वजांनी व्यापारी माणसाचं डोकं बरोबर ओळखलं होतं म्हणायचं," हे म्हणाले आणि बिया कागदात गुंडाळून खिशात ठेवल्या. मग तिथेच दगडावर बसले. बराच वेळ कोणी बोललं नाही. नंतर खाली उसाकडे बघत म्हणाले, "देवळाचं काही नाही. पण दिवाळीला बंगळूरला जायचं होतं मला. यंदा दुकान नाही. नातू आठ वर्षांचा झाला, एकदाही त्याच्याबरोबर दिवाळी केली नाही. तू मर्यादा घेतलीस तेव्हा मी पुरुषांच्या बाजूला बसलो होतो. तू उभी राहिलीस, तेव्हा मला कळलं. जॉइंट खात्यावर एकटीने सही केलीस."

मी पटकन म्हणणार होते की धर्माच्या कामात कसली परवानगी. सासूबाईंनी तर आयुष्यभर विचारून सामायिक केली आणि मी तसं करणार नाही असं तेव्हाच ठरवलं होतं. ते मला आजही पटतं. पण तोंडातून शब्द फुटेना, कारण आणखी एक गोष्ट होती आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा नाही.

गेल्या वर्षी आम्ही बंगळूरला गेलो होतो. सून चांगली आहे, नोकरी करते, घरी यायलाच तिला साडेसात होतात. त्यांचं जेवण नऊला. मी चौविहार करते, म्हणून माझं मी आधी करून घ्यायची. एकदा तिच्या ऑफिसचे लोक जेवायला आले होते. मी बाजूला नुसती बसलेली बघून कोणीतरी विचारलं, तर ती म्हणाली, "मम्मींचं सूर्याशी कॉन्ट्रॅक्ट आहे." सगळे हसले. मुलगाही हसला. तसं बघितलं तर त्यात काहीच वाईट नाही, मीसुद्धा हसले. पण ते मनात रुतून बसलं. संवत्सरीला तिला फोन करून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, पण ही गाठ सोडवून म्हटलं नाही. आणि चातुर्मासात मर्यादा घेताना आगार ठेवायची वेळ आली तेव्हा आजारपण आठवलं, मरण आठवलं, मुलाचं घर आठवलं नाही. आठवलं नाही, की आठवू दिलं नाही? रेघ मी जिवांसाठी आखली होती हे खरं, पण थोडी लपायलाही आखली होती.

त्या दगडावर हे सगळं ह्यांना सांगितलं. सीताफळवाल्या बाईचे कान आमच्याकडेच होते, असू देत. हे एवढंच म्हणाले, "मला माहीत होतं. पासबुक मीही बघतो."

मर्यादा मोडायची नाही हे मी ठरवलं. जी घेतली ती घेतली. घेताना मनात काय होतं त्याची आलोचना वेगळी करायची. ह्यांना आग्रह करून देवळात पाठवलं. मी बाईजवळ बसून राहिले. तिने मला तिच्या लेकीच्या सासरचं सगळं ऐकवलं, ते एका वेगळ्या लेखाचं होईल.

तासाभराने हे परत आले, कपड्यांना धूळ लागलेली आणि चेहरा वेगळाच. मोबाइलवर फोटो काढून आणले होते. बाहेरून साधं दिसतं आणि आत अंधाऱ्या पायऱ्या चढून गेलं की एकदम ते खांब, त्या मूर्ती. कित्येकांचे हात-तोंडं फोडलेली. एक गणपती चक्क स्त्रीच्या रूपात. पूर्वी त्या जागी दौलतमंगळ नावाचा किल्ला होता, आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने बांधलेला, तेही कोणीतरी ह्यांना सांगितलं होतं. ४० वर्षं कापड उलगडून दाखवलं, तसा एकेक फोटो बोटाने सरकवत दाखवत होते. "या मूर्तीच्या नेसूच्या चुण्या बघ. दगडात. आपल्या नऊवारीला अशी चुणी पडायला सूत चांगलं लागतं." मला वाटतं, माझ्या शाळेच्या सहलीत मी एवढं देऊळ बघितलं नव्हतं.

उतरताना ह्यांचा गुडघा फार दुखला. दुपारच्या गाडीने दौंडला आलो आणि साडेपाचच्या आत जेवून घेतलं. मग मी सुनेला फोन लावला. तिला म्हटलं, गेल्या वर्षी तू एक बोललीस, ते माझ्या मनात राहिलं, त्याबद्दल मीच क्षमा मागते, इतके महिने धरून ठेवलं म्हणून. ती गप्प झाली. तिला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. थोड्या वेळाने तिचा परत फोन आला. म्हणाली, "मम्मी, मी बघितलं, कार्तिकात इथे सूर्यास्त सहाच्या आतच होतो. मी सकाळी करून ठेवत जाईन, पण गरम तुम्हालाच करून घ्यावं लागेल. मला सातच्या आत येता येत नाही." मी म्हटलं, तेवढं येतं मला.

तर आता हे दिवाळीला बंगळूरला एकटे जातायत. ४१ वर्षांतली पहिली वेगळी दिवाळी. मी इथे, निर्वाणकल्याणकाला स्थानकात पौषध करणार आहे. आत्ता आतल्या खोलीत बॅग भरणं चाललंय, मधूनमधून "माझा पांढरा सदरा कुठाय?" असं ऐकू येतं आणि मी टंकत टंकत उत्तर देते. कपाटातल्या कोऱ्या लाल वह्यांपैकी एक ह्यांनी बॅगेत टाकलेली बघितली. नातवाकडून तिच्यावर पहिलं पान लिहून घ्यायचंय म्हणे. चिवडा वेगळ्या डब्यात दिलाय, शंकरपाळे वेगळ्या.

माझं तिकीट कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचं आहे, उद्यान एक्स्प्रेसचं, दौंडवरून. एकटीने एवढा लांबचा प्रवास मी कधी केला नाही, त्यामुळे कोणी त्या गाडीने जाणार असेल तर जरूर कळवा. परतीची दोघांची तिकिटं एकत्र मिळाली, पण खालचा बर्थ एकच आहे. ह्यांचा गुडघा आणि माझी धाप, कोणी वर चढायचं ते अजून ठरलेलं नाही.