दोन दात्यांचा व्यवहार

राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत ज्याची उमेदीची वर्षे बसगाड्यांच्या गिअरपेट्या उघडण्यात आणि मिटविण्यात गेली, त्याने सेवानिवृत्तीनंतर टेक्सासात मुलाच्या घरी स्वस्थ बसावे, अशी सुनेची अपेक्षा होती आणि ती रास्तही होती. परंतु नातवाने जुन्या बाजारातून आणलेला, नायट्रोवर धावणारा आणि रेडिओने हाकावयाचा ट्रक गॅरेजात माझ्या दृष्टीस पडला, आणि त्या अपेक्षेची मुदत तेथेच संपली.

"आजोबा, पळतो खूप, पण उठतच नाही," हे नातवाचे गाऱ्हाणे. 'पिकअप नाही' ही तक्रार मी चालकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती, की पृथ्वीच्या दुसऱ्या अंगावर ती आपल्याच नातवाकडून ऐकताना मला, खरे सांगतो, काहीसा आनंदच झाला.

याच टेक्सासातील ट्रॅक्सास कंपनीने 1999 साली टी-मॅक्स नावाचा ट्रक काढला, त्यात दोन गिअरांची आपोआप बदलणारी पेटी आणि रिव्हर्स होता. आमचा ट्रक त्याच घराण्यातला, मात्र रिव्हर्सवाचून. इंजिन 3.3 घनसेंटीमीटरचे, म्हणजे चहाच्या चमच्यातही मावेल एवढ्या घनफळाचे. पण मेथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर ते मिनिटाला 30,000 फेऱ्यांच्या आसपास सहज जाते. खालच्या फेऱ्यांवर मात्र त्यात दम असा नसतोच. बसच्या डिझेल इंजिनाच्या नेमका उलटा हा स्वभाव आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून गिअरला हात लावणे व्यर्थ.

कार्यशाळेतील शिरस्ता असा, की पिकअपची तक्रार आली तर प्रथम क्लच पाहावा. घंटेच्या आकाराची क्लच बेल उतरविली. आतले शू पुरेसे जाड होते, स्प्रिंगा शाबूत होत्या, इंजिनातून तेल झिरपून शू बुळबुळीत झाल्याचेही चिन्ह नव्हते. मग दाते मोजले. बेलवर 17, तिच्याशी जुळणाऱ्या स्पर गिअरवर 38. म्हणजे स्पर एकदा फिरण्यास इंजिनाने 2.24 फेरे करावयाचे. पूर्वीच्या मालकाला सरळ रस्त्यावर पल्लेदार वेग हवा असावा, कारण त्याने मूळची सहा इंच व्यासाची चाके काढून पावणेसात इंचांची चढविली होती, आणि मूळ चाके खोक्यात तशीच पडून होती.

येथे हिशेब रंजक होतो. चाकाचा व्यास साडेबारा टक्क्यांनी वाढला, की जमिनीवरची ओढ त्याच प्रमाणात विभागली जाते. बेलचे दाते 17 वरून 15 केले तर गुणोत्तर 2.53 होते, म्हणजे ओढ सुमारे तेरा टक्क्यांनी वाढते. तेव्हा नुसते दोन दाते कमी करून काय साधले असते, तर मोठ्या चाकांनी खाल्लेले तेवढे परत मिळाले असते. नवी कमाई शून्य. मूळ चाके परत चढविणे आणि दाते कमी करणे, या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर ओढ सव्वापटीहून अधिक, आणि त्याची किंमत म्हणून कमाल वेगात पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक घट. नातवाचा चेहरा या घटीच्या आकड्यावर उतरला. मी त्याला घेऊन तो जेथे ट्रक फिरवी त्या शाळेमागच्या मैदानावर गेलो आणि विचारले, "पहिल्या वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत तुझा ट्रक दुसऱ्या गिअरला कधी जातो का?" जात नव्हता. बोरघाट चढणाऱ्या गाडीला टॉप गिअर असून जेवढा उपयोग, तेवढाच त्या गवताळ तुकड्यावर त्या कमाल वेगाचा.

लहान बेल बसविली, की इंजिन स्परकडे थोडे सरकवावे लागते, आणि सारे कसब येथेच आहे. दाते घट्ट बसले तर बेअरिंग तापते, सैल राहिले तर प्लॅस्टिकचा स्पर दात्यागणिक कातरला जातो. म्हणून वहीच्या कागदाची अरुंद पट्टी दोहोंच्या मध्ये घालून इंजिन तिच्यावर दाबावयाचे, स्क्रू आवळावयाचे आणि मग हाताने स्पर फिरवून पट्टी बाहेर काढावयाची. ती फाटली नाही आणि तिच्यावर दात्यांच्या ठशांची स्पष्ट, समान ओळ उमटली, की जुळणी ठीक.

ट्रक उठला, तो पुढची चाके हवेत घेऊनच. पण एक नवी कटकट उद्भवली: इंजिन किंचाळू लागले, तरी गिअर बदलेना. कारण सोपे आहे. गिअर बदलणारी वजने स्परच्या पलीकडे फिरतात, त्यांना इंजिनाचे फेरे ठाऊक नसतात. पूर्वीच्याच फिरण्यावर ती सुटतात, पण तेथवर पोचण्यास इंजिनाला आता तेरा टक्के अधिक फिरावे लागते. पेटीवरील बारीक स्क्रू थोडाथोडा फिरवून बदल अलीकडे आणला, तेव्हा तो किंचाळा थांबला. ग्लो प्लगपाशी तापमान पाहिले, तर पूर्वी 130 अंश सेल्सियसपलीकडे जाणारे ते आता 110 च्या आसपास स्थिरावले होते. जड गिअर ओढण्याचे ओझेच उतरले होते ना!

मुलांची भूक मात्र एवढ्यावर भागत नाही. नातवाच्या आग्रहाखातर 40 दात्यांचा स्परही लावून पाहिला. गवतावर ठीक, परंतु मैदानाच्या कोरड्या भुसभुशीत कडेला चाके जागच्या जागी माती उधळू लागली आणि ट्रक पूर्वीहून वेगाने निघेना, कारण जमिनीची पकड जेवढी, त्याहून अधिक ओढ चाकाला देऊन उपयोग नाही. 38 पुन्हा बसविला. काढलेली 17 दात्यांची बेल नातवाने समोरच्या घरातील मुलाला देऊन टाकली. तो चर्चच्या मोकळ्या डांबरी पार्किंगमध्ये ट्रक पळवितो आणि त्याची तक्रार अगदी विरुद्ध होती.