पाच रुपयांची सही

बँकेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी काही लाख सह्या केल्या असतील. त्यांतली एकही कोणी चौकटीत घालून भिंतीवर टांगल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे आमच्या आत्याच्या वहीतल्या सदतीस सह्यांना किती पैसे येतील, असा प्रश्न जेव्हा घरात निघाला तेव्हा मला थोडासा मत्सरच वाटला.

प्रश्न निघण्याचे कारण छप्पर. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. आमचे छप्पर मात्र अजून नगरपालिकेच्याच काळातले आहे. गेल्या वैशाखात सुताराने वासे ठोकून पाहिले आणि जो आकडा सांगितला, तो ऐकून मी खाली बसलो. तेव्हा आत्या म्हणाली, "माझी वही विका."

आत्या आता शहाऐंशी वर्षांची आहे. वही मूळची माझ्या आजोबांची. त्यांच्यामागे ती आत्याने चालवली. आजकालच्या मुलांना या उद्योगाची कल्पना यायची नाही. वाशीचा खाडीपूल झाला १९७३ साली. त्यापूर्वी पनवेलहून मुंबईला जायचे म्हणजे ठाण्याला वळसा घालून जायचे. नाटकाच्या मध्यंतरात रंगपटाच्या दाराशी उभे राहून एक सही मिळवायची, तर त्यासाठी एक अख्खा दिवस, दोन वेळचा डबा आणि मुंबईत कोणा मावशीकडे मुक्काम, एवढा खर्च होता. अशा रीतीने त्या वहीत बालगंधर्व आले, अत्रे आले, दुर्गा खोटे आल्या, विजय हजारे आणि विनू मंकड आले.

आमच्या नातवाला हे सारे विलक्षण वाटते. वाजापूरला सलमान खानचे फार्महाऊस आहे. २०२० च्या टाळेबंदीत तो तिथेच राहिला होता. नातू आणि त्याचे दोन मित्र एका रविवारी स्कूटरवरून तिथवर गेले आणि फाटक पाहून परत आले. मी विचारले, "सही घ्यायला गेला होतास का?" तो म्हणाला, "सही घेऊन करायचं काय, आजोबा? सहीत मी कुठे असतो? फोटोत असतो!" यावर मला उत्तर सुचले नाही.

एका ओळखीच्या माणसाने मुंबईच्या एका व्यापाऱ्याचे नाव सुचवले. हा गृहस्थ जुनी पत्रे, सह्या, नाटकांची हँडबिले असा माल घेतो. तो आला, चहा नको म्हणाला, आणि आधी साबण मागून हात स्वच्छ धुऊन, पुसून, मग वहीला हात लावला. आत्याचे त्याच्याबद्दलचे मत तेवढ्यावरच चांगले झाले.

माझा समज असा, की सही म्हणजे लोणच्यासारखी; जितकी मुरेल तितका भाव. म्हणून मी माळ्यावरून पणजोबांच्या काळची मोडीतली खतेसुद्धा काढून ठेवली होती. सव्वाशे-दीडशे वर्षांचे कागद! त्याने ती अदबीने चाळली आणि अदबीनेच बाजूला ठेवली. "पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद आहेत," तो म्हणाला. "जुनं पुष्कळ असतं, साहेब. मागणारा हवा."

मग त्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर १७७६ साली छप्पन्न जणांनी सह्या केल्या. त्यांत बटन ग्विनेट नावाचा एक मनुष्य होता. पुढच्याच वर्षी तो द्वंद्वयुद्धात मेला. जेफर्सनसारख्या थोरांच्या सह्या पुष्कळ उरल्या, याच्या मोजक्याच. पण छप्पन्नांचा संच पुरा करणाऱ्याला त्याच्यावाचून गत्यंतर नाही. २०१० साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एक सही सात लाख डॉलरांच्या पुढे गेली. उलट ब्रॅडमन ब्याण्णव वर्षे जगला आणि जन्मभर आलेल्या टपालाला सह्या करून उत्तरे देत राहिला; त्यामुळे एवढ्या मोठ्या माणसाची साधी सही सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिली. स्मिता पाटील १९८६ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. तिच्या सह्या शोधणारे पुष्कळ, आणि सह्या थोड्या. आधीच्या पिढीतल्या एखाद्या दीर्घायुषी नटापेक्षा तिची सही महाग जाते, मग जुने-नवे कुठे राहिले?

हे ऐकताना मला आमचे शिरढोण आठवले. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके तिथले, १८४५ चा जन्म. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. म्हणजे हजेरीवर, पगारपत्रकावर त्यांनी किती सह्या केल्या असतील! त्या वेळी कोणी जपून ठेवल्या? १८७९ मध्ये ते पकडले गेले आणि त्यांच्याच हातचे आत्मवृत्त सरकारने त्यांच्यावर पुरावा म्हणून लावले. मागायला कोणी नव्हते तेव्हा सह्या होत्या. आता पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि मागणारे आम्ही सारे आहोत.

असो. व्यापारी एकेक पान उलटू लागला, आणि आमच्या घराण्याची अब्रू चव्हाट्यावर येऊ लागली. बालगंधर्वांचे पान त्याने उजेडात धरले आणि त्याचा चेहरा पडला. ते पान विरू लागले म्हणून १९९४ साली मी मोठ्या प्रेमाने ते प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणले होते. "हे कोणी केलं?" त्याने विचारले. आत्याने माझ्याकडे बोट दाखवले. "हे आता सुटायचं नाही. कागदाचा जीव गेला."

पुढे एका नटाचे छायाचित्र निघाले. नाव सांगत नाही. आत्याने ते चार वर्षे उशीखाली ठेवले होते, एवढेच सांगतो. तिने पत्र पाठवले होते आणि उलट टपाली सहीचे छायाचित्र आले होते. व्यापाऱ्याने भिंग लावले, आणि काही न बोलता ते माझ्याकडे दिले. शाईची रेघ नव्हतीच. छापखान्याचे बारीक ठिपके होते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ही चाल जगभरची आहे. हॉलिवूडच्या नट्यांच्या वतीने त्यांच्या चिटणीस सह्या करीत, आणि केनेडीसारख्या अध्यक्षाकडे तर सही करणारे यंत्रच होते. मी आत्याकडे पाहिले. ती म्हणाली, "मला माहीत होतं. कॉलेजात असताना मैत्रिणीकडेही तसंच पाहिलं. टाकवलं नाही, इतकंच."

शेवटी तो वहीच्या पहिल्या पानावर आला. त्यासाठीच तो पनवेलला आला होता.

गांधीजी सहीचे पाच रुपये घेत, हरिजन फंडासाठी. १९४४ च्या मे महिन्यात त्यांची आगाखान पॅलेसातून सुटका झाली आणि विश्रांतीसाठी ते जुहूला राहिले. आजोबा तिथे गेले, पाच रुपये भरले आणि सही घेऊन आले. पाच रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हती, आणि आजीने ती कशासाठी बाजूला ठेवली होती याबद्दल आमच्या घरात आजही दोन मते आहेत.

"गांधीजींची सही दुर्मिळ नाही," व्यापारी म्हणाला. "फंडासाठी त्यांनी पुष्कळ सह्या दिल्या. पत्रं तर किती लिहिली! त्यांच्या लेखनाचे शंभर खंड आहेत. पण मागणारे जगभर आहेत. खोट्या सह्याही तितक्याच. म्हणून ही वहीत शिवलेली आहे, हे फार चांगलं. पान कापू नका. मी वहीसकट घेईन." मग तो हसला. "जुनेपणाचं म्हणाल, तर इथे तो थोडा आडवाच येतो. पंच्याहत्तर वर्षं उलटलेला ऐतिहासिक कागद १९७२ च्या कायद्यात येऊ शकतो. मग तो देशाबाहेर विकता येत नाही. गिऱ्हाईक इथलंच शोधायचं."

तरीही त्याने जो आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही. छप्पर होऊन वर घराला रंगही लागला असता.

मग त्याने पान उलटले. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहिले होते: १ शेर, १ शेर, १॥ शेर, खाडा, खाडा, १ शेर. दुधाचा हिशेब! अख्ख्या महिन्याचा.

"अरेरे," तो म्हणाला. "यानं किंमत थोडी उतरेल. पण खोडायला जाऊ नका."

"आईचं अक्षर," आत्या म्हणाली.

पाच रुपये गेल्यावर आजी आठ दिवस बोलली नव्हती, असे घरात सांगतात. नवव्या दिवशी तिने घरातला सर्वांत महाग कागद शोधून त्यावर दुधाचा हिशेब मांडला असावा. आत्या नऊ वर्षांची असताना आजी गेली. तिचे पत्र नाही, छायाचित्र नाही. लग्नातल्या भांड्यांवर नाव आहे, पण ते कासाराच्या हातचे. आत्याने त्या रांगेवर बोट ठेवले. "हे दोन खाडे बघ. गाढीला पाणी चढलं की गवळी यायचा नाही. मग आम्हांला कोरा चहा."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तिने व्यापाऱ्याला विचारले, "या बाजूचे किती देता?"

तो बिचारा प्रामाणिक माणूस. त्याने पुन्हा भिंग लावले, आकडे वाचले आणि म्हणाला, "या बाजूला गिऱ्हाईक नाही, आजी."

"मग राहू दे," आत्या म्हणाली. "त्यांना चहा दे रे. आता घेतील ते."

त्याने चहा घेतला. जाताना वही सुती कापडात गुंडाळून ठेवा, उन्हात नेऊ नका, आणि पुन्हा प्लॅस्टिक नको, असे तीनदा सांगून गेला. तिसऱ्यांदा माझ्याकडे पाहून. आषाढात माजघरात दोन ठिकाणी गळले. वही आत्याच्या पेटीत आहे आणि पेटी आम्ही कोरड्या खोलीत हलवली आहे. सुतार म्हणतो, निम्मे वासे यंदा बदलू, निम्मे पुढल्या वर्षी.