सदतिसावा गुण

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या बायकांचा एक जुना उद्योग असतो. बाळाचे नाक कोणाचे, कपाळ कोणाचे, जिवणी कोणाच्या वळणावर गेली, याची वाटणी तेथे मोठ्या हिरिरीने चालते. चांगले ते आपल्या घराण्याकडे आणि उणे ते व्याह्यांकडे, हा त्या वाटणीचा अलिखित कायदा! आईबाप दोघेही काळ्याभोर डोळ्यांचे आणि बाळ मात्र घारे निघाले, की वाटणी क्षणभर अडते. मग कोणा वृद्धेला आठवते, की बाळाची पणजी अशीच घारी होती. आणि साऱ्यांना हायसे वाटते.

दोन पिढ्या दडलेला गुण असा पुन्हा प्रकटावा, यात चमत्कार नाही. ग्रेगोर मेंडेल या मठवासी साधूने १८६५ साली वाटाण्याच्या झाडांवरून हे दाखवून दिले. उंच आणि खुज्या झाडांच्या संकरातून पहिली पिढी सगळी उंचच निपजली. परंतु तिच्या संततीत चारांतील सुमारे एक झाड पुन्हा खुजे निघाले. मधल्या पिढीत खुजेपणा नाहीसा झाला नव्हता. तो मुकाट होता, एवढेच. डोळ्यांच्या रंगाचा हिशेब याहून गुंतागुंतीचा, कारण तेथे अनेक जनुकांचा हात असतो. तथापि एक वाटा आईकडून व एक वाटा बापाकडून, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच.

पाळण्याभोवतीच्या या कौतुकाला दुसरीही एक बाजू आहे, हे आम्हांस रायपुरास आल्यावर उमगले. छत्तीसगढ म्हणजे धानाचा कटोरा. येथे हँसिया, म्हणजे आपला विळा, घरोघरी असतो. त्याच विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी येथील अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. सिकलसेल हे त्या विकाराचे नाव. तो केवळ वनवासी जमातींत आहे असे नव्हे. अनुसूचित जातींत आणि कित्येक शेतकरी समाजांतही तो आढळतो. आपल्या नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडील वाचकांना तो अपरिचित नसेल.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतील सहावा दुवा तेवढा बदललेला असतो. एवढ्याशा फरकाने पेशी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडे फोडून काढणारी कळ उठते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहावीस दिवसांतच संपते. आईबापांपैकी एकाकडूनच हा वाटा आला, तर माणूस वाहक ठरतो, आणि बहुधा आयुष्यभर त्याला पत्ताही लागत नाही. दोघांकडून आला, तर मात्र मूल आजारी होते. बारशाला हे कोणास दिसत नाही. कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पहिले काही महिने बाळाला सांभाळून घेते.

आमच्या कचेरीतील एका शिपायाच्या घरी असेच झाले. पहिला मुलगा वर्षाचा होण्याआधीच हातपाय सुजून रडू लागला. आमच्या घरात असले कधी नव्हते, असे म्हणून त्याच्या आईने सारा दोष सुनेच्या माहेरावर घातला, आणि सून खाली मान घालून ऐकत राहिली. पुढे नवराबायको दोघांचेही रक्त तपासले गेले. दोघेही वाहक निघाले. ते ऐकून म्हातारी बराच वेळ गप्प राहिली आणि मग मुलाला म्हणाली, “म्हणजे तुला ते माझ्याकडून आले, की तुझ्या बापाकडून?” सुनेला तिने त्यानंतर बोल लावला नाही, असे त्याने आम्हांला सांगितले. मात्र पहिले मूल आजारी, म्हणून पुढची तीन निरोगी, असा जो हिशेब तो करीत होता, तो डॉक्टरांना पुसावा लागला. अशा दांपत्याच्या बाबतीत दर खेपेस नव्याने सोडत निघते, आणि दर खेपेस चारांत एक हाच धोका असतो.

त्या म्हातारीच्या प्रश्नाचे आणखी जुने उत्तर रानात आहे. एकच वाटा असलेल्या वाहकास हिवतापाच्या घातक प्रकारापासून पुष्कळसे संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले. हिवतापाच्या मुलखात ज्यांच्या अंगी हा गुण होता ते तगले. त्यांनीच तो पुढे दिला. ज्याला आज आपण घराण्याचा डाग म्हणतो, त्याने कधी काळी त्याच घराण्याचा वंश राखला होता. नातवंडाच्या दुखण्याची किंमत त्यामुळे कमी होत नाही. परंतु दोष देण्यास जागा उरत नाही.

आपल्याकडे लग्न जुळवताना गोत्र पाहतात, छत्तीस गुणांचे मेलन करतात. गोत्र बापाकडून येते; आईकडून आलेल्या वाट्याची नोंद त्यात नसते. ज्या मुलखाच्या नावातच छत्तीस आहेत, तेथे सदतिसावा गुण रक्ताचा पाहावा, असे आम्हांस वाटते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. तपासणीनंतर मिळणारे कार्ड पत्रिकेबरोबर दाखविण्यात संकोच कशाला? दोघे वाहक असले म्हणून लग्न मोडलेच पाहिजे, असे नाही. गर्भावस्थेतही आता तपासणी करता येते. मात्र जे करावयाचे ते जाणून करावे.

बदलीच्या गावी आपण पाहुणेच. पण आपल्या सहीच्या अधिकारात अनेक घरे असतात. हाताखालच्या एखाद्या माणसाने मुलाच्या दुखण्यासाठी वारंवार रजा मागितली, तर अर्जावर शेरा मारण्यापूर्वी दोघांचे रक्त तपासले का, एवढे त्याला विचारावे.