वेगळी चूल

लग्नाच्या उपासनेत पाळक नवदांपत्याला हमखास इफिसकरांस पत्राची आठवण करून देतात. सूर्य मावळायच्या आत राग सोडून द्यावा, असं पौलाचं सांगणं. ते ऐकताना दर वेळी माझ्या मनात लेखिका लक्ष्मीबाई टिळक येतात. त्यांच्या संसारावर किती सूर्य रागातच मावळले!

10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण नातलगांच्या लेखी गेल्यातच जमा. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा काळ वाचताना त्यांच्या दुःखाइतकाच त्यांचा ताठ कणाही मला जवळचा वाटतो. राग त्यांनी गिळला नाही. नातं मात्र तुटू दिलं नाही. पत्रं येत-जात राहिली. टिळकांनीच त्यांना लिहा-वाचायला शिकवलं होतं. तीच अक्षरं आता भांडायलाही कामी येत होती आणि विचारपूस करायलाही.

पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळं कायम, चूल वेगळी. टिळक तापट, हट्टी, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे. पण श्रद्धेच्या बाबतीत बायकोवर त्यांनी जबरदस्ती केली नाही. ख्रिस्ती विवाहाचं खरं तेज मला या थांबण्यात दिसतं. प्रीतीचं वर्णन करताना पौलसुद्धा सर्वांत आधी सहनशीलताच सांगतो. जातिभेद देवानं नव्हे, माणसानं केले, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानं पटलं आणि 1900 मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. खटके त्यानंतरही उडतच राहिले. संसार होता तो.

आपल्या मंडळीत एखाद्या जोडप्याचं बिनसलं की आपल्याला फार घाई होते. क्षमा करा, हातात हात घ्या, रविवारी एका बाकावर बसा! प्रार्थनेवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण दुखावलेल्या माणसाला गप्प करायला ती वापरली की जीव तुटतो. (मारहाण होत असेल तिथे तर आधी त्या बाईला सुरक्षित छप्पर द्यावं, उपदेशाची ती वेळ नव्हे.) पाळकांना, सासू-सासऱ्यांना, आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे: दोघांना भांडू द्या, वेळ द्या, फक्त त्यांचं बोलणं बंद पडू देऊ नका.

1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा येशूच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं होतं. ज्या ख्रिस्तापायी आपलं घर एकदा दुभंगलं, त्याचंच चरित्र पूर्ण करायला लक्ष्मीबाईंनी लेखणी हाती घेतली. त्यातले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत.