काठ की तळ

व्हिएतनाममधल्या दा नांगच्या विमानतळावर पहिल्याच दिवशी मी नकाशावर एक रेघ ओढली, आणि ती चुकीची होती.

जागा धावपट्टीच्या उत्तर टोकाची. 1962 ते 1971 या काळात अमेरिकी हवाई दलाने दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि पिकांवर तणनाशकं फवारली. त्यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध एजंट ऑरेंज. पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यामुळे त्याला ते नाव पडलं. तेव्हा हवाई तळ असलेल्या या जागी पिंपं साठवली जात, औषध मिसळून विमानांत भरलं जाई. सांडायचं ते जमिनीत मुरे. मग पाऊस आला की तिथलं पाणी एका चरातून सेन तळ्यात उतरे. ‘सेन’ म्हणजे कमळ.

2012 साली इथल्या सफाईचं काम सुरू झालं. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मी या चराचे नमुने घ्यायला गेले होते.

हे तणनाशक बनवतानाच त्यात तयार झालेलं डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते बारीक कणांना चिकटतं, त्यातही सेंद्रिय अंश असलेल्या कणांना जास्त. मग कण जिथे जाईल तिथे तेही जातं. तेव्हाच्या व्हिएतनामी मानकाप्रमाणे मातीत त्याची मर्यादा एक ग्रॅमला 1000 पिकोग्रॅम होती आणि गाळात फक्त 150. 150 म्हणजे टनभर गाळात मिठाचे दोन-तीन कण. गाळाला एवढा कडक नियम, कारण गाळातले किडे मासा खातो आणि मासा माणूस खातो. सेन तळ्यातले मासे खाणाऱ्यांच्या रक्तात डायॉक्सिन खूप जास्त सापडलं होतं.

म्हणून चराचा काठ कुठे संपतो आणि तळ कुठे सुरू होतो, हे ठरवणं म्हणजे निव्वळ आखणीचं काम नव्हतं. एखाद्या तुकड्याला मी ‘माती’ म्हटलं आणि त्यात 1000 पेक्षा कमी निघालं, तर तो तसाच राहणार. त्याच तुकड्याला ‘गाळ’ म्हटलं, तर 150 च्या वरचं सगळं उचलावं लागणार.

मी गेले तेव्हा चर जवळजवळ कोरडा होता. मधे हातभर ओल, दोन्ही बाजूंना भेगाळलेला, गवत उगवलेला उतार. मी ओलीच्या कडेने रेघ मारली आणि उतार माती म्हणून नोंदवला. प्रत्येक तुकड्यातून तीसेक जागी चमचा-चमचा घ्यायचं, एकत्र करायचं, गडद काचेच्या बाटलीत भरायचं, कारण उजेडाने डायॉक्सिन तुटतं. त्या उन्हात पांढरा अंगरखा, दुहेरी हातमोजे आणि तोंडावर मास्क. तासाभरात बुटात घाम साचायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. आम्ही मोरीपाशी आडोशाला उभे राहिलो. माझ्याबरोबर काम करणारा स्थानिक मुलगा मला ‘ची’ म्हणायचा, म्हणजे ताई. त्याने माझी बाही ओढली. ‘ची, बुन,’ म्हणजे चिखल. मी माती ठरवलेल्या उतारावरून गढूळ पाणी चढत होतं. चराच्या वळणापाशी ते थबकलं, गोल फिरलं आणि गवतात पसरलं. पाऊस अर्ध्या तासात गेला. पाणी ओसरलं तेव्हा गवताच्या पात्यांवर साईसारखा करडा थर राहिला होता.

मी तिथेच वीतभर खोल कड खरवडली. आत थरावर थर. वाळूची जाड रेघ, तिच्यावर नखाएवढी करडी रेघ, पुन्हा वाळू. अधेमधे पाण्यातल्या गोगलगायींचे मोहरीएवढे शंख. करड्या रेघेतलं चिमूटभर हातमोज्यात चोळून पाहिलं. वाळूचा खरखरीतपणा नाही, पिठीसारखं मऊ. पोयटा.

हा स्पर्श मला लहानपणापासून ठाऊक आहे. मराठवाड्यात आमचे आजोबा उन्हाळ्यात पाझर तलावातला गाळ बैलगाडीने शेतात आणायचे. मूठभर हातात घेऊन, बोटांत चोळून मगच गाडी भरायला सांगायचे. बारीक असेल तरच चांगला, कारण खत बारीक कणांनाच धरून राहतं. इथे विषही तशाच बारीक कणांना धरून होतं. मला गाळाचा एवढा राग पूर्वी कधी आला नव्हता, आणि त्याची एवढी कीवही.

रात्री बसून नकाशा बदलला. उताराचा बराच भाग गाळात घातला आणि वळण वेगळा तुकडा केला, कारण प्रवाह मंदावतो तिथेच बारीक कण खाली बसतात. चराच्या सरळ भागातले नमुने कितीही घेतले तरी हे वळण त्यांत दिसलं नसतं. वरिष्ठांना शंखांचे फोटो दाखवले. चर्चा लांबली, खर्च वाढणार होता, पण शेवटी ते मान्य झालं.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला काही आठवडे लागले. वळणाचा आकडा 150 आणि 1000 यांच्या मधला होता. माझ्या पहिल्या रेघेने तो तुकडा सोडून दिला असता आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातली बारीक पूड तळ्याकडे निघाली असती. तो उतार खणून बंदिस्त ढिगाऱ्यात टाकायचं ठरलं. तिथे गाळ आणि माती किमान 335 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून डायॉक्सिन नष्ट केलं जायचं.

मी हे त्या मुलाला सांगितलं. त्याची आई पूर्वी तळ्यातली कमळबीजं काढायची. त्याने विचारलं, ‘ची, मग आता मासे?’

‘अजून नाही,’ मी म्हणाले.

त्याने मान हलवली. चमचा ब्रशने घासून धुतला आणि वळणाच्या खालच्या तुकड्यात पहिली खूण रोवायला निघाला.